घरच्या संगणकांसाठी सार्वजनिक आयपी पत्ते: एपीयू२ आणि डेबियनचा गेटवे

इंटरनेट सेवादात्याकडून आठ सार्वजनिक (इंटरनेटवरून थेट पोचता येणाऱ्या) आयपी पत्त्यांचा गट, म्हणजे /२९, घेतला की त्यातला पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा (गटातल्या सर्वांना एकदम निरोप धाडण्याचा) आणि एक सेवादात्याच्या राउटरचा जातो. गेटवेला, म्हणजे घर आणि इंटरनेट यांच्या मधल्या यंत्राला, एक दिल्यावर घरच्या संगणकांसाठी चारच उरतात. ते चार नीट घरात आणण्यासाठी मी पीसी इंजिन्स या स्विस कंपनीचा एपीयू२ हा छोटा संगणक आणि त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली वापरतो, आणि या कामासाठी ही जोडी मला बाजारातल्या तयार राउटरांपेक्षा सरस वाटते.

यंत्र साधे आहे: एएमडीचा १ गिगाहर्ट्झचा चार कोअरचा प्रोसेसर, तीन इंटेल गिगाबिट नेटवर्क पोर्ट आणि पंख्याऐवजी उष्णता शोषून घेणारी ॲल्युमिनियमची पेटी. मॉनिटर जोडायची सोय मात्र नाही. पहिली जुळणी सिरियल केबलनेच करावी लागते.

खरी परीक्षा होते ती सेवादाता संपूर्ण गट गेटवेकडे राउट न करता (म्हणजे गेटवेमार्फत न पाठवता) थेट तारेवर सोडतो तेव्हा. त्याचा राउटर प्रत्येक पत्त्यासाठी एआरपीने, म्हणजे ‘हा आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्याचा (नेटवर्क पोर्टच्या हार्डवेअर पत्त्याचा)?’ अशी, विचारणा करतो आणि गेटवेमागच्या संगणकापर्यंत ती पोचतच नाही. अशा वेळी गेटवेच्या बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही पोर्टांवर प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्याच्या वतीने एआरपीला उत्तर देणे) चालू करावे, आयपी फॉरवर्डिंग (एका पोर्टवरची माहिती दुसऱ्यावर पुढे पाठवणे) सुरू करावे आणि प्रत्येक पत्त्यासाठी आतल्या पोर्टकडे जाणारा /३२ राउट, म्हणजे त्या एकाच पत्त्यापुरता मार्ग, लिहावा. मग गेटवे त्या पत्त्यांच्या वतीने स्वतःचा मॅक पत्ता सांगतो आणि आतल्या संगणकांची मांडणी तसूभरही बदलावी लागत नाही. आधी थेट जोडलेला संगणक गेटवेमागे हलवला, तर समोरच्या राउटरच्या स्मरणात जुना मॅक पत्ता काही काळ राहतो. तेवढा वेळ वाट पाहावी किंवा गेटवेवरून आर्पिंग या आज्ञेने नवी नोंद कळवावी.

नॅट (अनेक संगणकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवण्याची पद्धत) नसल्यामुळे दोन संगणक एकाच वेळी ४४३ या सुरक्षित वेबच्या पोर्ट क्रमांकावर सेवा देऊ शकतात आणि लॉगमध्ये पाहुण्याचा खरा पत्ता दिसतो. त्याचबरोबर नॅटचा आयता आडोसाही जातो, म्हणून एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, गेटवेतून पुढे जाणाऱ्या माहितीचे नियम ठेवणाऱ्या फॉरवर्ड साखळीचे मूळ धोरण ‘ड्रॉप’ (अडवणे) ठेवून हव्या त्या पत्त्याचा हवा तोच पोर्ट क्रमांक उघडणे अत्यावश्यक आहे.

एपीयू२चे उत्पादन आता बंद झाले आहे. जुना मिळाला तर जरूर घ्यावा. न मिळाल्यास दोन चांगले इंटेल नेटवर्क पोर्ट असलेला कोणताही छोटा संगणक घ्यावा, कारण हे सारे काम लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) करतो आणि पोर्टांची नावे बदलली की हीच मांडणी तिथेही चालते.