चर्चासत्राच्या पोस्टरसाठी इंकस्केप: दोन सत्रांच्या वापरानंतर

महाविद्यालयातल्या चर्चासत्रांची पोस्टरं, बॅनर आणि व्हॉट्सॲपवरची निमंत्रणं करायला मराठीसाठी इंकस्केप हे चित्र-मजकूर मांडणीचं सॉफ्टवेअर भरवशाचं आहे, तेही मोफत. ‘दुसऱ्या सत्रात’मधला ऱ्य असो की रफारावरचा अनुस्वार, युनिकोडमध्ये टाइप केलेलं सगळं जागच्या जागी बसतं. विभागाकडून मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये आला तर आधी युनिकोड कन्व्हर्टरमधून काढावा आणि पाहुण्यांची नावं-पदव्या एकेक करून तपासाव्यात.

शीर्षकाला मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता फॉन्ट उत्तम, त्यात बारीक ते अतिठळक अशी सात वजनं (अक्षरांच्या जाड्या) आहेत. तिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे मिळतात, पण ठळक वजन नाही. बोल्ड लादलं की ष, क्ष यांची पोटं बुजतात. ओळींमधलं अंतर १.३५ ते १.४ ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर शून्यच हवं. वाढवलं की शिरोरेषा तुटते.

विषय सर्वांत मोठा, मग दिनांक, वार, वेळ, स्थळ. समितीची यादी माहितीपत्रकात जाऊ द्या. दहा फोटोंखाली विषय दबला तर पोस्टर कुणासाठी लावायचं?

नोंदणीचा क्यूआर कोड एक्सटेन्शन्स, रेंडर, बारकोड इथेच तयार होतो. ए३ वर तीन सेंटिमीटर पुरतो. दोन मीटरवरून स्कॅन व्हायचा बॅनर असेल तर वीस. भोवती कोडमधल्या चार बारीक चौकटींइतकी पांढरी जागा सोडावी. फॉर्मची लांबलचक लिंक दिली की चौकटी बारीक होतात आणि फ्लेक्सवर एकमेकींत मिसळतात, म्हणून लिंक छोटी करून घ्यावी.

खरी उणीव रंगांची. काम आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत चालतं, त्यामुळे स्क्रीनवरचा झगझगीत निळा छपाईत जांभळट उतरतो. मोठ्या छपाईआधी ए४ वर नमुना काढावाच. काटेकोर सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे रंग हवे असतील तर शेवटची जुळणी स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये करावी.

छपाईवाल्याकडे पीडीएफ देताना ‘कन्व्हर्ट टेक्स्ट टू पाथ्स’ निवडावं, म्हणजे अक्षरांचे आकार (पाथ) होतात. त्याच्याकडच्या जुन्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकूर उघडला की जोडाक्षरं फुटतात. चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेली पार्श्वभूमी. सहा बाय तीन फुटी फ्लेक्सला १०० डीपीआय (दर इंचाला १०० ठिपके), म्हणजे ७२०० बाय ३६०० पिक्सेल, भरपूर झाले. पाथ केलेल्या प्रतीत मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ एसव्हीजी (इंकस्केपची फाइल) वेगळी जपावी. बीजभाषकाचं नाव शेवटच्या आठवड्यातही बदलतं.