सहाव्या महिन्यात आकडा निघाला: ३० ग्रॅमची टकळी आणि गोल सुई, आठ महिन्यांच्या वापरानंतर

टकळीच्या टोकाला सूत अडकवायचा जो आकडा (हूक) असतो, तो दांडीतून उपटून हातात आला. विक्रेत्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "वस्तू वारंवार पडल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही." सुताला लटकून हवेत फिरणाऱ्या टकळीबद्दल हे म्हणणं म्हणजे छत्री पावसात का नेलीत असं विचारण्यासारखं आहे. सूत तुटलं की ती पडणार, आणि हात बसेपर्यंत सूत तुटणारच. दुसऱ्या मेलला उत्तरच नाही. नवी घ्यायला मन होईना, म्हणून दुरुस्ती घरीच केली. आता ती नवी होती त्यापेक्षा बरी फिरते, हे मात्र अनपेक्षित.

चकती वर, वजन ३० ग्रॅम, आकडा पितळी. बाकी मापं सगळीकडे लिहिलेली असतात. घेताना लाकूड, पॉलिश, वजन सगळं बघितलं जातं. आकड्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. रोजच्या कामांच्या फटीत सूत काढायचं असेल तर सगळा खेळ त्या आकड्याचाच आहे. हिशेब करा. ४०० मीटर दुपदरी, म्हणजे दोन सुतं एकत्र पिळलेल्या सुताला ८०० मीटर एकेरी सूत लागतं. टकळी जमिनीला टेकेपर्यंत साधारण मीटरभर सूत निघतं, मग ते आकड्यातून सोडवायचं, दांडीवर गुंडाळायचं, पुन्हा अडकवायचं. असं ८०० वेळा, आणि पदर घालताना, म्हणजे ती दोन सुतं एकत्र पिळताना, आणखी ४०० वेळा. एकूण बाराशे. प्रत्येक वेळी सूत अडकवायला तीन सेकंद जास्त गेले तर नुसत्या चाचपडण्यात एक तास गेला. पंधरा मिनिटांच्या बैठकीत १० मीटर निघतं असं धरलं तर एकेरी सुतालाच ८० बैठका होतात, आणि आकड्यापायी गेलेला तो तास म्हणजे अशा चार बैठका!

तो का निघाला, हेही बघितलं. आकड्याच्या बुडाला बारीक आटे आहेत आणि तो लाकडात पिळून बसवलेला आहे. गोंद नाही. सूत अडकवताना घाईत आकडा दर वेळी बाजूला ओढला जातो, लाकूड हवेप्रमाणे फुगून-आक्रसून भोक सैल होतं, आणि टकळी एकदा आकड्यावर आपटली की काम संपलं. दुरुस्ती अशी: भोकातला भुसा सुईने कोरून काढा, लाकडी काडीची उभी कपची लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात सारा, वर आलेला भाग कापा आणि आकडा हळूहळू पिळत आत बसवा. मग २४ तास हात लावायचा नाही. गोंद ओला असतानाच दिशा ठरवून टाका. चकतीच्या कडेच्या खाचेतून वर येणारं सूत आकड्याच्या पाठीवर न आदळता थेट तोंडात शिरलं पाहिजे. शिरत नसेल तर आकडा पाव फेरा फिरवून बघा. आमच्या टकळीत तो कारखान्यातूनच उलटा बसला होता. पहिले सहा महिने दर वेळी सूत बोटाने वळवून आत घालावं लागत होतं, आणि सवयीचा अभाव म्हणून दोष हाताला दिला जात होता.

थरथरीबद्दल आधी एक मत होतं, ते आता बदललं आहे. टकळी फिरताना डोलते म्हणजे आकडा मध्यावर नाही, ही सुरुवातीची समजूत. तपासायला सोपं आहे: रिकामी टकळी फिरवा आणि आकड्याचं टोक बघा. ते जागच्या जागी राहिलं तर ठीक. हवेत वर्तुळ काढत असेल तर जिथे सूत टेकतं तो बिंदू दांडीच्या रेषेत आणायचा. पकडीला कापड गुंडाळून अगदी केसभर वाकवा, फिरवून बघा, पुन्हा वाकवा. पितळ मऊ असतं, एकदम जोर लावला तर नको तेवढं वाकतं, आणि सारखं पुढे-मागे वाकवलं तर तुटतं. एवढं करून रिकामी टकळी स्थिर झाली, पण सूत चढलं की पुन्हा डोलायला लागली. म्हणजे अर्धा दोष कुकडीचा, दांडीवर गुंडाळलेल्या सुताच्या गुंडीचा, होता. सूत एकाच बाजूला, सैल, दांडीच्या मधोमध गुंडाळलं तर फुगवटा तयार होतो आणि वजन एका अंगाला जातं. चकतीला चिकटून सुरुवात करा, ताण देऊन तिरकं वर-खाली गुंडाळा. शंकूचा आकार आला पाहिजे, पोटाचा नाही. कुकडी साधारण २० ग्रॅम झाली की उतरवा. तोवर ३० ग्रॅमची टकळी ५० ची झालेली असते आणि बारीक सूत ते वजन पेलत नाही. शेवटच्या पाच ग्रॅमला सारखं तुटतं म्हणून लोकरीला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता वेळेचं. पाच मिनिटांच्या फटीत टकळी काढूच नये. विंचरलेल्या लोकरीची पट्टी सोडवून हातावर घेईपर्यंतच ती फट संपते. तिथे विणकाम. दहा ते पंधरा मिनिटं सलग मिळत असतील तर टकळी. पट्टी आदल्या दिवशीच उभी चिरून, सैल ओढून, हातभर लांबीच्या गुंडाळ्या करून ठेवायच्या. हे केलं नाही तर निम्मी बैठक त्यातच जाते. दोन हातांतलं अंतर तंतूच्या लांबीपेक्षा किंचित जास्त ठेवा. मेरिनो मेंढीच्या लोकरीत ते आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत भरतं. हात त्याहून जवळ आले तर लोकर ओढलीच जात नाही, आणि पीळ चिमटीच्या वर चढला तर गुठळी होते. गुठळी दिसली की पुढे रेटू नका. दोन्ही बाजूंना चिमटीत धरून पीळ थोडा उलगडा, ओढा, सोडा. ज्याला हे एकाच वेळी जमत नाही त्याने टकळी फिरवावी, गुडघ्यांत धरावी, आणि साठलेला पीळ सावकाश लोकरीत सोडावा. बसल्या जागी हीच रीत बरी पडते. चालत्या गाडीत मात्र टकळी नकोच.

कापसाचा प्रयोग करणाऱ्यांनी या टकळीच्या वाटेला जाऊ नये. तंतू अडीच-तीन सेंटिमीटरचा, त्याला पीळ भरपूर लागतो आणि तो चढेपर्यंत लटकतं वजन सूत तोडून टाकतं. त्याला टोक वाटीत टेकवून फिरवायची बारीक टकळीच हवी.

तुकड्या-तुकड्यांनी सूत काढण्यात खरा धोका जाडीचा. आज काढलेलं आणि तीन आठवड्यांनी काढलेलं सूत एक दिसत नाही, आणि डोळ्याला ते कळतही नाही. त्यावर पुठ्ठ्याचा तुकडा हा उपाय. पहिल्या दिवशीचं ताजं सूत मधोमध दुमडून सोडा, ते आपोआप दुपदरी होतं. तो नमुना पुठ्ठ्याला बांधा, शेजारी एकेरी सूत अडीच सेंटिमीटरमध्ये शेजारी-शेजारी गुंडाळून फेरे मोजून लिहा. दर बैठकीला पहिल्या मीटरनंतर ताजा नमुना त्याच्याशी लावून बघायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पदर घालणं फटींमध्ये बसत नाही, तो नाद सोडा. एकेरी सूत एक रात्र तसंच राहू द्या, पीळ निवतो. मग उलट्या दिशेने फिरवायचं: एकेरी उजवीकडे काढलं असेल तर पदर डावीकडे. मध्येच उठलात तर दोन सुतं एकमेकांत गुरफटतात, म्हणून सुट्टीची सलग दुपार ठेवा. नंतर लड करून चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा आणि झटकून टांगा. गरम पाण्यातून थेट गार पाण्यात घालून चोळलीत तर लोकर नमद्यासारखी आळून बसते.

सुयांबद्दल थोडक्यात. विणायला ८० सेंटिमीटरची गोल सुई आहे: लवचीक केबलच्या दोन्ही अंगांना सुटी होणारी टोकं. सुई निसटून पडत नाही, कोपर शेजाऱ्याला लागत नाही, आणि थांबताना टाके केबलवर ढकलले की काम पिशवीत जातं. ओळ अर्धवट सोडून चार दिवस ठेवू नका, तिथे टाके ताणल्याची रेघ उमटते. ऐकत-ऐकत विणायला मोज्याच्या नळीचे सुलट टाके उत्तम. टाच आली की ती घरी, दिव्याखाली. १० सेंटिमीटरला २८ टाके बसत असतील तर ६४ टाक्यांचा घेर जवळपास २३ सेंटिमीटर भरतो, पण हे टाके विणलेला नमुना धुऊन वाळवूनच मोजा, हातसूत धुतल्यावर फुगतं. मोज्याला दुपदरी सूत लवकर झिजतं; तीन पदर आणि जास्त पीळ हवा, म्हणजे वरचा हिशेब आणखी वाढला.

सुईचा दोष एकच: टोक आणि केबलचा स्क्रूचा जोड. दर टाक्याला मनगट वळतं तसा तो किंचित सुटतो, केसभर फट पडते आणि बारीक सूत नेमकं तिथे अडतं. बैठक सुरू करताना चावीने आवळायचा, बस. तक्रार करण्यासारखं नाही, आकड्याच्या मानाने तर नाहीच.

दुरुस्तीनंतर आठ आठवडे झाले, टकळी रोज पडतेय, आकडा हललेला नाही. सुईची चावी मात्र हरवली. कागदाची यू-पिन सरळ करून जोडाच्या भोकात घातली की तेच काम होतं.