दोरूच्या खोऱ्यात: आधी गडगे बघा, मग वाइन

पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या बाईला वाइनच्या खोऱ्यात नेलंत तर ती काय बघेल? भिंती. दुसऱ्याच दिवशी आमच्या नणंदबाई वैतागल्या. "वहिनी, लोक ग्लासातला रंग बघतायत आणि तू दगडांतले सांधे." खरंच मी बघत होते. आणि त्यात सांधे भरायला चुनाही नव्हता, सिमेंटही नव्हतं. पोर्तुगालच्या दोरू नदीच्या दोन्ही काठांवर डोंगरच्या डोंगर पायऱ्यांनी कोरलेत, आणि जुन्या पायऱ्यांना आधार आहे तो नुसत्या कोरड्या गडग्यांचा. कोकणात असतात तसेच, फक्त इथे एकावर एक पन्नास.

दगड शिस्टचा. पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटतो, त्यामुळे पाणी आणि द्राक्षाची मुळं दोन्ही फटींतून खोल उतरतात. दिवसभर तापतो आणि संध्याकाळी अंगावर गरम श्वास सोडतो. "नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक" अशी इथली म्हण आहे. आम्ही सप्टेंबरात गेलो, म्हणजे नरकाच्या शेपटावर, पण तोडणीच्या हंगामात. माझ्या मते जायचं तर तेव्हाच.

सुरुवात पोर्तोहून बोटीनं केली, कारण मला लॉक बघायचं होतं. कारापातेलोच्या धरणाशी बोट एका अरुंद काँक्रीटच्या विहिरीत शिरते, मागचं दार बंद होतं आणि बोट ३५ मीटर वर उचलली जाते. युरोपातल्या उंच लॉकपैकी हे एक. बाकीचे प्रवासी तेवढ्यात जेवून घेत होते. मी डेकवर उभी राहून भिंतीवरून ओघळणारं पाणी बघत होते. जेवणाचं फार काही चुकलं नाही: कोमट भात, छऱ्यांसारखे वाटाणे, आणि शाकाहारी म्हणून सांगितलेल्या ताटात माशाचा तुकडा. तो दिवस लॉकसाठी वाया घालवायचा असेल तरच बोट घ्या. नाहीतर पोर्तोहून सरळ आगगाडी पकडा. पिन्यांव या आमच्या मुक्कामाच्या गावाला अडीच तास लागतात, आणि पासष्टीच्या पुढे असाल तर ओळखपत्र दाखवून निम्मं तिकीट. जाताना उजवीकडच्या खिडकीत बसा, पुढे रूळ अगदी पाण्याला लागून धावतात. आणि निघण्याआधी साओ बेंतो स्टेशनात दहा मिनिटं मान वर करून उभ्या राहा. तिथल्या निळ्या फरश्यांसाठी हमालाचे धक्के खायलाही हरकत नाही.

रेग्वा गावात आम्ही दोनच गोष्टी केल्या. एक, दोरूचं संग्रहालय. दोन, स्टेशनाबाहेर पांढऱ्या एप्रनमधल्या बायका विकतात त्या साखरेच्या गोळ्या. संग्रहालय बघाच, कारण त्यानंतर खोऱ्याकडे बघण्याची नजर बदलते. १७५६ साली पोर्तुगालचा तेव्हाचा मंत्री मार्क्विस द पोंबाल यानं या प्रदेशाच्या हद्दी आखल्या आणि ग्रॅनाइटचे खांब रोवले: या खांबांच्या आतलीच वाइन पोर्त, म्हणजे इथली प्रसिद्ध गोड वाइन, म्हणून जायची. मोजणी खात्यातल्या कुणालाही हे ऐकून भरून यावं. पुढे एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं बागा मारल्या. काही पायऱ्या तेव्हा सुटल्या त्या सुटल्याच. आजही झुडपांत बुडालेल्या त्या ताली दिसतात. त्यांना इथे 'मोर्तोरियु' म्हणतात. मेलेली जमीन. मला सगळ्या खोऱ्यात सर्वांत सुंदर त्याच वाटल्या, हे नणंदबाईंना अजून सांगितलेलं नाही.

मुक्काम पिन्यांवला. हे गाव म्हणजे एक रस्ता, एक लोखंडी पूल आणि एक स्टेशन. १८८० साली इथे रेल्वे आली, आणि १९३७ च्या निळ्या फरश्यांची २४ चित्रं स्टेशनच्या भिंतींवर आहेत: तोडणी, टोपल्या वाहणारे गडी, नदीतल्या चपट्या राबेलो होड्या. पहिलं गेस्टहाउस आम्ही फोटो बघून घेतलं आणि फसलो. नदीकडची खोली असं लिहिलं होतं. नदी होती, पण न्हाणीघराच्या खिडकीतून, स्टुलावर चढल्यावर. एसी घरघर करी आणि गार करी ना. दोन रात्रींनी आम्ही बोचकी उचलली आणि गावाच्या वर, डोंगरात, एका कुटुंबाच्या किंतामध्ये गेलो. किंता म्हणजे मळा आणि मळ्यातलं घर, दोन्ही. जाड दगडी भिंती, लाकडी झडपा दुपारी लावून घ्यायच्या की खोली आपोआप गार. एसी नव्हताच. नव्वद युरोत दोघींची खोली आणि सकाळी अंजिरं, बदाम, मेंढीच्या दुधाचं चीज. माझा सल्ला: खोलीचा नव्हे, भिंतीचा फोटो मागा.

आता किंता. दिवसाला दोनच करा. तिसरीत जीभ काही सांगत नाही आणि गुडघे फार सांगतात. चव घेण्याच्या फेऱ्या साधारण २५ ते ३० युरोंपासून होत्या, आणि बुकिंग आधी लागतं.

किंता दो बोंफिम स्टेशनापासून चालत जाण्यासारखी, म्हणून पहिली तीच. सिमिंग्टन कुटुंबाची. इथे पोर्त कशी होते ते नीट समजलं: द्राक्षं तुडवून रस आंबायला लागतो आणि साखर निम्मी शिल्लक असतानाच त्यात कडक ब्रँडी ओतून आंबणं थांबवतात. सुमारे पाचवा हिस्सा ब्रँडीच. म्हणून ती गोडही आणि जोरकसही. पूर्वी दगडी हौदांत माणसं खांद्याला खांदा लावून तासन्‌तास पायांनी तुडवत. काही ठिकाणी अजून तुडवतात, आणि या कुटुंबानं त्या पायांसारखीच दाबणारी यंत्रं पोलादी हौदांवर बसवली आहेत. तळघरात लाकडी पिंपं रांगेनं. आम्हाला फिरवणारी मुलगी म्हणाली, "पिपा." साडेपाचशे लिटरचं माप. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पिंप! आमच्या वाड्यातलं पाण्याचं पिंप इथून निघून गेलं होतं तर. नणंदबाई त्यानंतर दिवसभर खूश होत्या, त्यात वीस वर्षं मुरलेल्या टॉनीचाही, म्हणजे लाकडी पिंपात मुरवलेल्या पोर्तचाही, वाटा असावा. अक्रोड, वाळलेली जर्दाळू, जराशी जळकी साखर. मी एरवी घोटभर घेऊन ग्लास सरकवणारी, पण तो ग्लास सरकवला नाही.

याच्या उलट अनुभव नदीपलीकडच्या एका बड्या जागी आला. नाव कशाला घ्या. बसमधून चाळीस जण उतरवले, बारा मिनिटांचा चित्रपट, तीन ग्लास ओळीत, आणि दार थेट दुकानात उघडतं.

वास्तू बघायला जाणाऱ्यांनी साब्रोझाकडच्या किंता दो पोर्तालला जावंच. पिंपं ठेवण्याचं तिथलं कोठार आल्वारो सिझा यांनी रचलं आहे, वास्तुकलेचा १९९२ चा प्रित्झ्कर पुरस्कार मिळालेले. भिंतींना शिस्टचा दगड आणि बुचाचे तक्ते. बूच उष्णता अडवतं, मग ते बाटलीच्या तोंडाशीच का थांबावं? इतका साधा विचार, पण आधी कुणाला तरी सुचावा लागतो. बाहेरून इमारत गप्प आहे, डोंगराशी भांडत नाही. रेग्वाजवळ कोर्गू नदीकाठची किंता दो व्हालादो याच धाटणीची म्हणावी: मळा १७१६ चा, जुनं घर रंगवलेलं, आणि शेजारी फ्रान्सिस्को व्हिएरा द कांपुश यांनी शिस्टच्या पातळ चिपांनी मढवलेली नवी इमारत. चिपा इतक्या बारीक बसवल्यात की गवंड्याला भेटावंसं वाटलं. इथली लाल वाइन, गोड नसलेली, मला पोर्तपेक्षा आवडली. दोरूला फक्त पोर्त समजून येणाऱ्यांनी ही नक्की मागवावी.

परतीचा टॅक्सीवाला मात्र आम्हाला डोंगरात विसरला. दीड तास ऊन खात बसलो. शेवटी द्राक्षांच्या क्रेट भरलेल्या पिकअपवाल्यानं थांबून दुसरी टॅक्सी बोलावली आणि दोन घोस हातावर ठेवले. गाडी चालवता येत असेल तर भाड्यानं घ्या. रेग्वा ते पिन्यांव हा नदीकाठचा रस्ता त्यासाठीच प्रसिद्ध आहे. मग चव घेताना थुंकायचं भांडं वापरायचं, लाजायचं नाही. सगळे वापरतात.

खाण्याचं सांगते, कारण नणंदबाई अंडंसुद्धा खात नाहीत. पहिल्या रात्री टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आलं. केवढं अगत्य, म्हणून संपवलं. बिलात प्रत्येकाचे पैसे. ही तिथली रीतच आहे, फसवणूक नव्हे: नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं. दुसऱ्या दिवशी वाढप्याला इंग्रजी येईना, तेव्हा नणंदबाईंनी सरळ मराठीत सुरू केलं: पाव, बटाटा, कोबी. पिंपासारखेच हेही शब्द मुळात पोर्तुगीज. तो हसला आणि काल्दू व्हेर्द घेऊन आला, बटाट्याच्या सुपात बारीक चिरलेला हिरवा कोबी. वर डुकराच्या सॉसेजची चकती तरंगत होती. तेव्हा 'सें कार्न', मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करून जा. टोमॅटो मात्र कुठेही मागवा. बैलाच्या काळजाएवढे, त्याच नावाचे, मीठ आणि ऑलिव्ह तेल घालून. मी जेवणाची आठवण काढली की मला तो टोमॅटो आठवतो, शेफ रुई पाउला यांच्या फोल्गोझातल्या 'डॉक' या रेस्टॉरंटमधलं जेवण नंतर. तेही उत्तम होतं, नदीवर खांबांवर उभ्या असलेल्या डेकवर बसून खाल्लं, पाण्याचं प्रतिबिंब छतावर हलत होतं. पण बिल आल्यावर नणंदबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

लामेगोच्या चर्चच्या ६८६ पायऱ्या आम्ही टॅक्सीनं वर जाऊन उतरलो. यात कमीपणा नाही.

शेवटचे दोन दिवस माझे होते, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी तुआ. तिथे दोरूला मिळणाऱ्या तुआ नदीवर धरण झालं, तिच्या खोऱ्यातला अरुंद रूळ बुडाला, आणि २००१ पासून जागतिक वारसा असलेल्या या भूदृश्यात ते कसं बसवायचं यावर मोठा वाद झाला. मग वीजगृह वास्तुकार एदुआर्दो सौतो द मौरा यांनी जवळजवळ डोंगरात गाडून टाकलं. धरण लपत नाही ते नाहीच. पण वीजगृह दिसत नाही म्हणून कुणी एवढी मेहनत घेतलेली मी आमच्या खात्यात कधी पाहिली नव्हती. आम्ही तर पिवळा रंग देत होतो.

दुसऱ्या दिवशी गाडीनं शेवटच्या स्टेशनापर्यंत, पोसिन्योला. वाटेत व्हालेइरा. इथल्या धबधब्यासारख्या ओढीत १८६१ साली पोर्तचे इंग्रज व्यापारी जोसेफ फॉरेस्टर बुडाले. त्याच होडीतल्या दोना आंतोनिया फेरैरा वाचल्या, म्हणे फुगलेल्या घागऱ्यामुळे. या खोऱ्यातली सर्वांत मोठी मळेवाली बाई ती. १९७६ च्या धरणानं आता तिथे नुसतं शांत पाणी केलंय. पोसिन्योहून टॅक्सीनं कोआचं संग्रहालय. १९९० च्या दशकात कोआ नदीवर धरण बांधायला घेतलं आणि काठच्या खडकांवर वीस हजार वर्षांपूर्वीचे घोडे, रानबैल कोरलेले सापडले. शाळेतली पोरं घोषणा देत होती: कोरीव चित्रांना पोहता येत नाही. गुतेरेश पंतप्रधान झाले, हो, तेच पुढे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले, आणि काम थांबलं. १९९८ मध्ये ती चित्रं जागतिक वारसा झाली. कामिलो रेबेलो आणि तियागो पिमेंतेल यांचं संग्रहालय २०१० चं, डोंगरातून बाहेर आलेला काँक्रीटचा एक तिकोनी खडक. शिस्टसारखा खरखरीत. आत शिरायची वाट चिरेसारखी अरुंद. छतावर उभं राहिलं की दोन्ही नद्यांचा संगम खाली.

नणंदबाईंनी विचारलं, "तू असतीस तर थांबवलं असतंस?"

मी म्हटलं, माझी सही लागत नव्हती. आणि मग कॅफेत बसून दोघींनी पांढऱ्या पोर्तमध्ये टॉनिक, बर्फ आणि लिंबू घालून मागवलं. ते जरूर घ्या, दुपारी, सावलीत. एकच.