वणावरची सिलिकॉन पट्टी: घेण्याआधी वण कसा पडला ते विचारा

हनुवटीखाली टाक्यांची पांढरी रेघ, गुडघ्यावर निळसर-काळे ठिपके, दंडावर गरम पाणी सांडून उठलेला जाड, लाल पट्टा. तिन्ही वण लहानपणचेच, पण सिलिकॉन पट्टीचा खरा उपयोग होतो तो तिसऱ्याला. पाकिटावर मात्र 'सर्व प्रकारच्या वणांसाठी' असं छापलेलं असतं आणि निराशा तिथूनच सुरू होते.

आधी चांगली बाजू. उंचावलेल्या, लाल, खाजणाऱ्या वणासाठी घरच्या घरी करता येण्याजोग्या उपायांत ही पट्टी सगळ्यात भरवशाची आहे. ताज्या वणाची वरची त्वचा कच्ची असते, तिच्यातून पाणी जास्त उडतं आणि खालच्या पेशी कोलॅजन (वण जाड करणारं प्रथिन) तयार करतच राहतात. पट्टी हे पाणी धरून ठेवते, पेशींचा वेग मंदावतो आणि वण हळूहळू मऊ आणि सपाट होतो. सिलिकॉन त्वचेत मुरत नाही, त्यामुळे मुलांनाही सहसा चालतं.

लावायची केव्हा? खपली आपोआप पडून जखम पूर्ण मिटली, टाके निघाले, की लगेच. ओल्या जखमेवर कधीही नाही. वणाच्या कडेपासून चहूबाजूंनी साधारण 1 सेंटीमीटर जास्त राहील अशी पट्टी कापा आणि कोपरे गोल करा. टोकदार कोपरा कपड्याला अडकतो आणि पट्टी तिथूनच सुटायला लागते. खाली तेल, क्रीम, पावडर काहीही नको. पहिले दोन दिवस 4-4 तास, मग वाढवत दिवसाला किमान 12 तास. रोज काढून वण आणि पट्टी दोन्ही सौम्य साबणाने धुवायची आणि हवेवर वाळवायची. टॉवेलने पुसली की तंतू चिकटतात आणि चिकटपणा संपतो. नीट जपली तर एक पट्टी दोन ते चार आठवडे जाते. हे सगळं किमान दोन-तीन महिने नेटाने करावं लागतं. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणारेच जास्त.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती पुरळाची. पट्टीखाली घाम साचतो, त्वचा पांढुरकी, भिजल्यासारखी होते आणि मग बारीक लाल पुळ्या येतात. अशा वेळी पट्टी काढून त्वचा पूर्ववत होऊ द्या आणि पुन्हा कमी तासांपासून सुरू करा. कोपर-गुडघ्यावर पट्टी सारखी गुंडाळली जाते, चेहऱ्यावर मुलं ती ठेवू देत नाहीत. तिथे ट्यूबमधलं सिलिकॉन जेल बरं: दिवसातून दोनदा अगदी पातळ थर, चार-पाच मिनिटं वाळू द्यायचा. जाड थर वाळत नाही, नुसता कपड्याला लागतो. लहान मूल पट्टी सोलून तोंडात घालतं, हेही लक्षात ठेवा.

आता जिथे पैसे वाया जातात ते. गुडघ्यावरचे निळसर ठिपके म्हणजे पडल्यावर आत राहिलेली खडी आणि माती. त्याच दिवशी जखम नीट घासून धुतली असती तर ती निघाली असती, आता लेझरच लागेल. कांजिण्यांचे खड्डे पट्टीने भरत नाहीत. वीस वर्षांपूर्वीची सपाट पांढरी रेघ तर पूर्ण पिकलेला वण, तिथे बदलण्यासारखं काही उरलेलंच नसतं. वण पिकायला साधारण वर्ष ते दोन वर्षं लागतात आणि पट्टीचा काळ तोच. कान टोचल्यावर जखमेच्या हद्दीबाहेर वाढत गेलेली गाठ म्हणजे कीलॉइड. त्याला नुसती पट्टी बहुधा पुरत नाही, त्वचारोगतज्ज्ञ गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात.

बरोबर व्हिटॅमिन ई तेल चोळायचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका. त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही, उलट काहींना त्याने पुरळ उठतं. उन्हात जाताना एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन मात्र हवंच, नाहीतर नवा वण कायमचा काळवंडू शकतो.

भाजल्याची जखम भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागले असतील, तर वण उंचावणार असं धरूनच पट्टी आणून ठेवा. आणि तो वण सांध्यावर असून कोपर किंवा बोट पूर्ण सरळ होत नसेल, तर पट्टीच्या भरवशावर थांबू नका. मूल वाढतं, वण त्या वेगाने ताणत नाही. प्लास्टिक सर्जनला लगेच दाखवा.