बॅरलवर १:८ कोरलेलं होतं, निघाला १:१२. माझे १,७०४ डॉलर गेले

आधीच सांगतो, मी अगदी नवखा नाहीये. पुण्यात कॉलेजला असताना एनसीसीत .२२ रायफल चालवलीय, इथे टेक्सासला अकरा वर्षं झाली, सिटिझन झाल्यावर रीतसर शूटिंग सुरू केलं, तीन वर्षं दर दुसऱ्या शनिवारी रेंजवर जातो. तरी फसलो. चार दिवस झोप नाही म्हणून लिहितोय, आणि आपल्यातले बरेच जण आता वापरलेल्या रायफली बघायला लागलेत म्हणूनही.

मला ६०० यार्डाच्या मॅचसाठी .२२३ कॅलिबरची बोल्ट ॲक्शन रायफल (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची) हवी होती. त्या अंतरावर ५५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी वारा कुठल्या कुठे नेतो, ७७ ग्रेनची लागते, आणि ७७ साठी बॅरलचा पीळ, म्हणजे नळीच्या आतल्या खाचांचं वळण, आठचा पाहिजे, म्हणजे आठ इंचात गोळीची एक पूर्ण गिरकी. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, नवीन मॅच बॅरल, ट्विस्ट (पीळ) १:८, राज्य सोडून चाललोय म्हणून अर्जंट विकणे. (हो, अर्जंट. माहितीये मला.) रायफल १,१७५ डॉलर आणि वर ७७ ग्रेनची ३०० मॅच काडतुसं ३३० ला. एका दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये भेटलो, पैसे बँकेच्या ॲपवरून पाठवले, पावती नाही.

आता ते, जे आठवलं की अजून अंगाची लाही होते. बॅरलवर चेंबरच्या (काडतूस बसतं त्या भागाच्या) पुढे '१:८' पंच केलेलं होतं. अख्खं बॅरल काळं, कॅलिबरची अक्षरंही काळी, बुजल्यासारखी, आणि या आकड्यांच्या आत मात्र स्टील लखलखीत पांढरं. आठ किंचित तिरका. म्हणजे काळा रंग आधी आणि आकडा नंतर, कोणीतरी घरी हातोडी मारून. मी त्यावरून अंगठा फिरवला, कड बोटाला लागली, आणि तरी मनात आलं की बॅरल बदलताना गनस्मिथने (बंदूक दुरुस्त करणाऱ्याने) मारला असेल. गनस्मिथ मारतातही, त्यामुळे हा विचार अगदीच मूर्खपणाचा नव्हता असं मी आजही म्हणेन. पण गाडीत माझा क्लीनिंग रॉड होता! मी विचारलं, एकदा रॉड घालून पीळ मोजून बघू का? तर म्हणाला, नव्या बॅरलला ओरखडा नको, हे टार्गेट बघ. टार्गेटवर पाच भोकं एका नाण्याखाली झाकतील अशी. ती ५५ ग्रेनने पाडली होती हे आता कळतंय. भिडेखातर मी रॉड आणलाच नाही. दोन मिनिटांचं काम होतं हो.

शनिवारी रेंजवर १०० यार्डाला १० राउंड मारले, कागदावर फक्त एक भोक, तेही कडेला. स्कोप (वरची दुर्बीण) हलला असेल म्हणून टार्गेट २५ यार्डावर आणलं आणि ७ मारले. भोकं गोल नव्हती, लांबट होती, एकात तर गोळीची अख्खी बाजू छापल्यासारखी दिसत होती, टोक डावीकडे, बूड उजवीकडे. गोळी आडवी जात होती, म्हणजे तिला गिरकी पुरत नव्हती.

मंडळातले एक दादा जुने शूटर आहेत, त्यांच्या गॅरेजमध्ये मोजलं. फिरत्या मुठीचा रॉड, त्यावर पॅच (कापडाचा तुकडा) घट्ट बसला पाहिजे, सैल असला तर खाचांवरून घसरतो आणि माप चुकतं. आत ढकलून थोडा मागे ओढायचा, मग रॉडवर मार्करने वरच्या बाजूला एक खूण आणि मझलपाशी (नळीच्या तोंडाशी) दुसरी, आणि हळूहळू ओढत राहायचं, वरची खूण एक फेरी मारून परत वर आली की रॉड किती सरकला ते टेपने मोजायचं. तीनदा मोजलं. बारा, पावणेबारा, बारा.

आणि ज्यांना वाटतं की वजन बघितलं की झालं, त्यांच्यासाठी: पीळ किती हवा हे ठरवते ती गोळीची लांबी. वजन वाढलं की त्याच जाडीत लांबी वाढते म्हणून आपण ग्रेनमध्ये बोलतो, एवढंच. ग्रीनहिल नावाच्या गणितज्ञाचं १८७९ चं सूत्र आजही ढोबळ अंदाजाला चालतं, १५० गुणिले व्यासाचा वर्ग भागिले लांबी, सगळं इंचात, वेग सेकंदाला २,८०० फुटांच्या वर असेल तर १५० ऐवजी १८०. ७७ ग्रेनची गोळी जवळपास एक इंच लांब, व्यास .२२४, उत्तर येतं साडेसात, म्हणजे साडेसात इंचात एक गिरकी. ५५ ची पाऊण इंच आणि वेगवान, उत्तर बारा. म्हणूनच जुन्या व्हार्मिंट (उपद्रवी छोट्या प्राण्यांच्या शिकारीच्या) रायफलींना कारखान्यातूनच बारा यायचा. मला विकलं ते तेच जुनं बॅरल, मॅचचं नाव लावून. लांब पॉलिमर टिपवाल्या (प्लास्टिकच्या टोकाच्या) गोळ्या घेणाऱ्यांनी तर लांबी बघितल्याशिवाय खरेदीच करू नये. कंपन्यासुद्धा यात आपटल्यात, रेमिंग्टनने १९५५ मध्ये .२४४ रायफल काढली ती बाराच्या पिळाने, जड गोळीचा भरवसा नाही म्हणून शिकारी .२४३ विंचेस्टरकडे गेले, तिचा पीळ दहा.

विक्रेत्याने दोन मेसेज वाचले आणि ब्लॉक केलं. बँक म्हणते तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. पोलिसांकडे टार्गेट, फोटो, मापं सगळं घेऊन गेलो, काउंटरवरच्या ऑफिसरने बॅरलच्या फोटोकडे धड बघितलंही नाही, म्हणे दोघांमधला व्यवहार आहे, सिव्हिल मॅटर, कोर्टात जा. अहो, खोटा आकडा ठोकून माल विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? रिपोर्ट नंबर तरी द्या म्हटलं तर तोही नाही. ऑनलाइन सरकारी तक्रार केली, एक ऑटोमॅटिक ईमेल आला, नंतर काही नाही. जाहिरातीच्या साइटवाले म्हणतात आम्ही फक्त जाहिरात दाखवतो. इथे जस्टिस कोर्टात (छोट्या दाव्यांचं कोर्ट) २०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय करता येतो, म्हणून ५४ डॉलर फी भरली, समन्स पोचवायला कॉन्स्टेबलचे ८५. समन्स परत आलं, त्या पत्त्यावर तो राहतच नाही. मी त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स बघून नाव-पत्ता लिहून घेतला नव्हता, तुम्ही घ्या, आणि तो नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. गनस्मिथकडून लेखी घेतलं की पीळ १:१२ आणि आकडा नंतर मारलेला, त्याचे ६०. तो कागद अजून कोणी वाचलेला नाही.

बायको एवढंच म्हणाली, "ड्रिल घेताना तीन दुकानं फिरतोस, इथे का नाही बघितलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उरलेली २८३ काडतुसं दादांनी घेतली. त्यांचं बॅरल आठचं आहे हे मला ठाऊक होतं, तरी त्यांनी बोल्ट काढला, रॉड घातला आणि टेप माझ्या हातात दिली. आठ भरले, मग मी डबे त्यांच्या गाडीत ठेवले.