सीताबर्डीत घेतलेला पेपर स्प्रे

टेक्सासमध्ये 2021 पासून 21 वर्षांवरील बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येते, आणि ह्यूस्टनला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या शेजारणीच्या पर्समध्ये ते कायम असते. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीला परवाना लागतो, हे मला योग्यच वाटते. म्हणून नागपूरच्या मिहान उद्योग वसाहतीतून रात्री उशिरा परतणाऱ्या मुलीसाठी मी सीताबर्डीच्या बाजारातून पेपर स्प्रे, म्हणजे हल्लेखोराच्या डोळ्यांत मारायचा तिखट फवारा, आणला. गच्चीवर वाऱ्याकडे पाठ करून फवारला, तेव्हा धार सरळ आणि लांब गेली. मात्र चुकून फवारा उडू नये म्हणून असलेला लाल खटका इतका घट्ट आहे की मुलीला तो दोन्ही अंगठ्यांनी सरकवावा लागला. घाबरलेल्या माणसाला एवढी सवड कुठून मिळणार? दुकानदाराने तो बदलूनही दिला नाही.