पाण्यातलं औषध मोजायचं कशानं? यूव्ही, एचपीएलसी की एलसी-एमएस/एमएस

पाण्यातून औषधं काढण्यावर काम सुरू करताना बहुतेकांचं सगळं लक्ष काढण्याकडे असतं. कार्बन कोणता घ्यायचा, उत्प्रेरक किती टाकायचा, ओझोन किती वेळ सोडायचा यावर महिनोन्महिने विचार होतो. 'किती उरलं' हे मोजायची वेळ आली की प्रयोगशाळेत जे यंत्र मोकळं असेल ते वापरलं जातं. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. मोजण्याची पद्धत चुकली तर चांगला अधिशोषक (औषध पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ, जसा कार्बन) वाईट दिसतो, आणि काहीही न करणारा उत्प्रेरक उत्तम ठरतो. म्हणून यंत्र निवडण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: औषधाचं प्रमाण किती असणार, पाणी कोणतं आहे, आणि 'औषध गेलं' म्हणजे नेमकं काय झालं असं तुम्हाला म्हणायचं आहे.

प्रमाणापासून सुरुवात करू. नद्यांमध्ये आणि शुद्धीकरण केलेल्या सांडपाण्यात औषधं साधारणपणे लिटरला काही नॅनोग्रॅम ते काही मायक्रोग्रॅम इतकी सापडतात. औषधनिर्मितीच्या सांडपाण्याची गोष्ट वेगळी. हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या सांडपाणी प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं होतं. दुसऱ्या टोकाला युरोपीय संघाची २०१५ची निरीक्षण यादी (पाण्यात ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं अशा पदार्थांची) आहे. तिच्यात गर्भनिरोधक गोळ्यांमधल्या इथिनिलइस्ट्रॅडिऑलसाठी मापनपद्धतीची शोधमर्यादा (ओळखता येणारं सर्वांत कमी प्रमाण) लिटरला ०.०३५ नॅनोग्रॅमपेक्षा जास्त नसावी असं म्हटलं होतं. या दोन आकड्यांत जवळजवळ ८८ कोटी पटींचं अंतर आहे. ते सगळं कवेत घेणारं एकच यंत्र नाही, त्यामुळे 'सर्वांत चांगली पद्धत कोणती' या प्रश्नाला उत्तरही नाही.

यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर: कुठे पुरतो, कुठे फसवतो

यूव्हीची, म्हणजे द्रावण अतिनील प्रकाश किती शोषतं ते मोजणाऱ्या यंत्राची, बाजू आधी मांडतो, कारण त्याला कमी लेखायची सवय लागली आहे. द्रावण क्युव्हेटमध्ये (छोट्या पारदर्शक कुपीत) ओतलं की मिनिटभरात आकडा हातात येतो. द्रावक जवळजवळ लागत नाही, आणि शिकायला एक दुपार पुरते. गोळीतलं औषध मोजायचं असेल तर तो आजही भरवशाचा आहे. पॅरासिटामॉलच्या गोळ्यांसाठी फार्माकोपियातली (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातली) जुनी पद्धत हीच: सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून २५७ नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाश किती शोषला जातो तो आकडा, म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स घ्यायचा. तिथे ती चालते, कारण गोळीत काय आहे हे आधीच माहीत असतं. औषध भरपूर असतं आणि बाकीचे घटक त्या तरंगलांबीला फारसे आड येत नाहीत.

अधिशोषणाच्या प्रयोगातही, म्हणजे शुद्ध पाण्यात एकच औषध आणि त्यात कार्बन, अशा मांडणीत यूव्ही पुरेसा ठरू शकतो. डायक्लोफेनॅक २७६ला, कार्बामॅझेपिन २८५ला, टेट्रासायक्लिन ३६०च्या आसपास. मर्यादा लक्षात ठेवा. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये लिटरला एक मिलिग्रॅम डायक्लोफेनॅकचा अ‍ॅब्सॉर्बन्स जेमतेम ०.०३च्या घरात येतो, आणि त्याखालच्या आकड्यांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय अधिशोषकातून रंगीत सेंद्रिय द्रव्य पाण्यात उतरतं (शेतीच्या टाकाऊ मालापासून केलेल्या कार्बनमध्ये तर हे हमखास होतं), आणि तेही औषध म्हणूनच मोजलं जातं. म्हणून औषध नसलेल्या पाण्यात तोच अधिशोषक तितकाच वेळ घुसळून त्याचा ब्लँक (वजा करायचा आधार-आकडा) घ्या. पीएचही सांभाळा. अल्कधर्मी पाण्यात पॅरासिटामॉलचं शिखर २४३वरून २५७कडे सरकतं. पीएच २ ते ११पर्यंत प्रयोग करून सगळे नमुने एकाच कॅलिब्रेशन कर्व्हवर (ज्ञात प्रमाणांवरून काढलेल्या तुलनेच्या रेषेवर) मोजले, तर पीएचचा अधिशोषणावर झालेला परिणाम आणि वर्णपटावर झालेला परिणाम वेगळे काढता येत नाहीत.

विघटनाच्या प्रयोगात मात्र घोडं पेंड खातं. प्रकाशाने, ओझोनने किंवा फेंटन अभिक्रियेने (लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने) रेणू तुटतो तेव्हा तो लगेच कार्बन डायऑक्साइड होत नाही. डायक्लोफेनॅकवर प्रकाश पडला की क्लोरीन निघून कार्बाझोल गटातली संयुगं तयार होतात, आणि तीही यूव्हीमध्ये शोषतात. मूळ औषध संपलेलं असतं आणि यंत्र सांगतं की अजून निम्मं शिल्लक आहे. उलटही घडतं: शिखर बाजूला सरकतं, ठरलेल्या तरंगलांबीचा आकडा पडतो, आणि रेणूचा गाभा शाबूत असतानाच तो 'गेला' अशी नोंद होते. त्यात उरलेला हायड्रोजन पेरॉक्साइड २५० नॅनोमीटरच्या खाली शोषतो, विरघळलेला ओझोन २६०ला, आणि लोहाचे आयन ३००च्या आसपास. विघटनाचा वेग केवळ एका तरंगलांबीच्या आकड्यावर बेतलेला दिसला की मी त्या आलेखावर विश्वास ठेवत नाही. यूव्हीशिवाय इलाजच नसेल तर निदान २०० ते ४०० नॅनोमीटरचा पूर्ण वर्णपट घ्या. त्याचा आकार बदलत असेल तर तुम्ही एका पदार्थाचं नव्हे, मिश्रणाचं मोजमाप करत आहात.

एचपीएलसी: बहुतेकांनी इथेच थांबावं

लिटरला अंदाजे ०.१ ते ५० मिलिग्रॅम या पट्ट्यात आणि विघटनाच्या कुठल्याही प्रयोगात माझं मत एचपीएलसीच्या, म्हणजे मिश्रण दाबाने कॉलममधून ढकलून घटक वेगळे करणाऱ्या तंत्राच्या, बाजूने आहे, शक्य असेल तर फोटोडायोड अ‍ॅरे डिटेक्टरसह (तो एकाच वेळी अनेक तरंगलांबी मोजतो). कारण संवेदनशीलतेपेक्षा वेगळं करण्याची ताकद महत्त्वाची. सी-१८ कॉलममधून (तेलकट थर असलेल्या कणांनी भरलेल्या नळीतून) मूळ औषध आणि त्याचे तुकडे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. औषधाचं पीक (आलेखातला उंचवटा) खाली जाताना शेजारी नवी पीकं उगवतात, वाढतात, मग तीही ओसरतात. अभिक्रियेची हकिगत अशी डोळ्यांसमोर उलगडते, आणि यूव्हीच्या एका आकड्यात ती कधीच दिसत नाही.

मेहनत मात्र आहे. मूळ औषधाखाली विघटनातून तयार झालेलं एखादं संयुग दडून बसलं तर फसगत इथेही होते. म्हणून अ‍ॅरे डिटेक्टरवर पीकची शुद्धता पाहा आणि निदान एकदा मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) बदलून आकडा तोच येतो का ते तपासा. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अमाइन गट असलेली औषधं कॉलममधल्या सिलॅनॉलला (कणांवरच्या उघड्या गटांना) चिकटून पीकला शेपूट आणतात. आम्लधर्मी मोबाइल फेज आणि चांगला एंडकॅप केलेला (ते गट झाकलेला) कॉलम घेतला की ते बरंच सुधारतं. टेट्रासायक्लिन धातूंच्या आयनांशी जखडून घेतं, त्यामुळे कठीण पाण्यात ते कमी भरतं. नमुन्यात ईडीटीए (धातू बांधून ठेवणारं रसायन) आणि मोबाइल फेजमध्ये ऑक्झॅलिक आम्ल हा त्यावरचा रुळलेला उपाय.

एक सल्ला जरा आग्रहाने देतो. पुढे कधी मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) जाण्याची शक्यता असेल तर पहिल्या दिवसापासून फॉस्फेट बफर टाळा. फॉस्फेट बाष्पीभूत होत नाही आणि मास स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडाशी साचतो. फॉर्मिक आम्ल किंवा अमोनियम फॉर्मेट वापरून पद्धत बसवली असेल तर तोच कॉलम आणि तोच ग्रेडियंट (द्रावकाचं बदलत जाणारं मिश्रण) पुढे नेता येतो, आणि अनोळखी पीक काय आहे हे विचारायला दार उघडं राहतं.

द्रावकाचा हिशेबही करा. मिनिटाला एक मिलिलिटर आणि दहा मिनिटांची रन धरली तर शंभर इंजेक्शनांना एक लिटर मोबाइल फेज जातो. गतिकीचा एक प्रयोग, त्यातले दहा नमुने, तीन-तीन वेळा, शिवाय स्टँडर्ड (ज्ञात प्रमाणाची द्रावणं): शंभरी गाठायला वेळ लागत नाही. दोन मायक्रोमीटरहून बारीक कणांचे कॉलम हा खर्च आणि वेळ दोन्ही बरेच खाली आणतात, पण त्यांना जास्त दाब पेलणारं यंत्र लागतं आणि गाळण्यात हयगय खपत नाही.

एलसी-एमएस/एमएस: खऱ्या पाण्यासाठी

नदीचं पाणी, पिण्याचं पाणी, सांडपाणी प्रकल्पाचं निर्गमित पाणी, आणि औषधाचं प्रमाण नॅनोग्रॅममध्ये. इथे दुसरा पर्याय जवळजवळ नाहीच. एचपीएलसीला मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेलं हे यंत्र रेणू वजनावरून निवडतं, फोडतं आणि ठरावीक तुकडाच मोजतं. कार्बामॅझेपिनसाठी २३७ वजनाच्या आयनावरून १९४ वजनाचा तुकडा, सल्फामेथॉक्साझोलसाठी २५४वरून १५६. प्रत्येक औषधासाठी असे दोन मार्ग आणि त्यांच्यातलं गुणोत्तर जुळलं, शिवाय रिटेन्शन टाइमही (कॉलममधून बाहेर पडायची वेळ) जुळला, तरच ओळख पक्की धरायची. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची २००७ची पद्धत १६९४ याच तंत्रावर उभी आहे. तिच्यात पाण्याचा काही भाग पीएच २ला आणि काही भाग पीएच १०ला सॉलिड फेज कार्ट्रिजमधून (औषध धरून ठेवणाऱ्या घन कणांच्या छोट्या नळीतून) काढतात, कारण सगळी औषधं एकाच पीएचला अडकत नाहीत.

तोंडाला पाणी सुटेल अशी ही संवेदनशीलता आहे, पण तिची किंमत नमुन्याच्या तयारीत चुकवावी लागते. अर्धा लिटर पाणी कार्ट्रिजवर अडकवून अर्ध्या मिलिलिटरमध्ये उतरवलं की औषध हजार पट दाट होतं. ह्युमिक द्रव्यही (कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेलं) तितकंच दाट होतं. ते आयनीकरणाच्या वेळी औषधाला मागे ढकलतं आणि सिग्नल निम्म्यावरही येऊ शकतो. शुद्ध पाण्यातल्या स्टँडर्डवरून असा नमुना मोजणं म्हणजे चुकीचा आकडा अनेक दशांशांपर्यंत लिहिणं. उपाय एकच पक्का आहे: त्याच औषधाचं ड्यूटेरियम किंवा कार्बन-१३ घातलेलं रूप नमुन्यात अगदी सुरुवातीला टाकायचं. जे नुकसान औषधाचं होतं तेच त्याचंही होतं, म्हणून गुणोत्तर टिकतं. ही स्टँडर्डं महाग असतात, पण त्यांच्यासाठी तरतूद नसेल तर या यंत्राकडे न गेलेलं बरं.

दूषणाचा धोकाही याच पातळीवर जागा होतो. सांधेदुखीचं डायक्लोफेनॅकचं मलम लावलेल्या हातांनी नमुना भरला, तर त्या बाटलीचा आकडा नदीचा राहत नाही. प्रत्येक फेरीबरोबर शुद्ध पाण्याची एक बाटली ठिकाणावर नेऊन, उघडून, परत आणून तिचीही तपासणी करायला हवी.

बाकीच्या पद्धती थोडक्यात

जीसी-एमएस (नमुन्याची वाफ करून घटक वेगळे करणारी पद्धत) इब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांसारख्या आम्लांसाठी चांगली चालते, पण आधी सिलिल गट जोडून त्यांना बाष्पशील करावं लागतं. कार्बामॅझेपिन तर तापलेल्या इंजेक्टरमध्येच तुटतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने इकडे वळावं असं मला वाटत नाही. एलायझा (प्रतिपिंडांनी औषध ओळखणारी चाचणी) शेकडो नमुने पटापट चाळायला उत्तम, मात्र प्रतिपिंड सारख्या रेणूंना भुलतात. कार्बामॅझेपिनच्या काही प्रतिपिंडांना अ‍ॅलर्जीवरचं सेटिरिझिनही चालतं, त्यामुळे जो नमुना वर दिसेल तो एलसी-एमएस/एमएसने पुन्हा पाहावा. विद्युतरासायनिक इलेक्ट्रोड स्वस्त आणि जागेवर नेण्याजोगे असतात, पण खऱ्या सांडपाण्यात त्यांचा पृष्ठभाग लवकर माखतो. शुद्ध बफरमध्ये मिळालेली शोधमर्यादा नाल्याच्या पाण्यात गृहीत धरू नका.

टीओसी आणि सीओडी: हा वेगळा प्रश्न आहे

वरच्या सगळ्या पद्धती 'हा रेणू आहे का' असं विचारतात. टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) विचारतो 'सेंद्रिय कार्बन आहे का'. विघटनाच्या कामात दोन्ही उत्तरं लागतात, आणि एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. एचपीएलसीवर औषध शून्य आणि टीओसी जवळजवळ तेवढाच, हे अगदी नेहमीचं दृश्य आहे. म्हणजे रेणू फुटला आहे, पण तुकडे पाण्यातच आहेत, आणि ते मूळ औषधापेक्षा निरुपद्रवी असतीलच असं नाही. पॅरासिटामॉलच्या क्लोरिनीकरणात बेंझोक्विनोन आणि यकृताला घातक असणारं एनएपीक्यूआय तयार होतं.

टीओसी मोजायचा असेल तर औषधाचं साठवण द्रावण मेथनॉलमध्ये करू नका. लिटरला १० मिलिग्रॅम डायक्लोफेनॅकमध्ये कार्बन सुमारे ५.७ मिलिग्रॅम असतो. त्याच लिटरमध्ये एक मिलिलिटर मेथनॉल आलं तर जवळपास ३०० मिलिग्रॅम कार्बन आला. औषधाचा कार्बन त्यात बुडून जातो, शिवाय मेथनॉल औषध फोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल खाऊन टाकतं आणि अभिक्रियाच मंदावते. सीओडीचा (रासायनिक ऑक्सिजन मागणीचा) सापळा निराळा: उरलेला हायड्रोजन पेरॉक्साइड डायक्रोमेटशी अभिक्रिया करतो आणि त्याचा प्रत्येक मिलिग्रॅम सिद्धान्ताप्रमाणे ०.४७ मिलिग्रॅम खोटा सीओडी वाढवतो. फेंटनच्या कामात पेरॉक्साइड संपवल्याशिवाय सीओडी करू नये. नदीच्या पाण्यातल्या नॅनोग्रॅमभर औषधासाठी तर या दोन्ही चाचण्या निरुपयोगी, कारण त्या पाण्यात मुळातच लिटरला काही मिलिग्रॅम नैसर्गिक कार्बन असतो.

यंत्र ठरल्यावर

नमुना काढल्या क्षणी अभिक्रिया थांबली पाहिजे, नाहीतर ऑटोसॅम्प्लरमध्ये रांगेत उभ्या असलेल्या कुप्यांमध्ये ती चालूच राहते. क्लोरीनसाठी थायोसल्फेट किंवा अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल वापरतात, पण काही एन-क्लोरो संयुगं त्यांच्यामुळे परत मूळ औषध होतात आणि निर्मूलन कमी दिसतं. तुमच्या औषधाचं काय होतं ते आधी पाहून घ्या. गाळणीही तपासा. नायलॉन काही औषधं धरून ठेवतं, म्हणून गाळलेलं आणि न गाळलेलं स्टँडर्ड शेजारी शेजारी मोजा आणि पहिला मिलिलिटर टाकून द्या.

मोजमर्यादा (भरवशाने मोजता येणारं सर्वांत कमी प्रमाण) कॅलिब्रेशनच्या चढावरून काढतात: प्रतिसादाच्या प्रमाण विचलनाला चढाने भागून ३.३ने गुणलं की शोधमर्यादा, १०ने गुणलं की मोजमर्यादा. आयसीएच या औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे. पण शुद्ध पाण्यातल्या आकड्यावर थांबू नका. ज्या पाण्यावर काम करणार त्यातच ज्ञात प्रमाणात औषध टाकून ते किती परत मिळतं ते तीन पातळ्यांवर पाहा. मग निष्कर्ष लिहिताना ती मर्यादा पाळा. सुरुवात लिटरला १० मिलिग्रॅमने केली आणि मोजमर्यादा ०.१ मिलिग्रॅम असेल, तर पीक पूर्ण नाहीसं झालं तरी तुम्हाला '९९ टक्क्यांहून अधिक' इतकंच म्हणता येतं. ९९.९ म्हणायचं असेल तर मोजमर्यादा ०.०१वर आणावी लागेल, म्हणजे इंजेक्शन मोठं करावं लागेल, कार्ट्रिज वापरावी लागेल किंवा यंत्र बदलावं लागेल.